फिकट पिवळं

परवा भाची राहायला आली होती. सकाळी तिच्यासाठी दोन अंडी उकडली, एक ओळखीच्या एका बाईंनी त्यांच्या परसातल्या कोंबड्यांचं दिलेलं आणि एक दुकानातलं, मुद्दाम असं काही नाही, फ्रिजमध्ये जे हाताला लागलं ते. सोलून मधोमध कापली तर एकाचं पिवळं चांगलं केशरीकडे झुकलेलं आणि दुसऱ्याचं इतकं फिकट की पांढरं कुठे संपतं आणि पिवळं कुठे सुरू होतं ते नीट बघावं लागावं. भाचीने दोन्हीकडे बराच वेळ बघितलं, मग फिकट अर्धुक बोटाने हळूच बशीच्या कडेला सारलं आणि म्हणाली, "मावशी, हे अंडं आजारी आहे का गं?" मी म्हटलं नाही गं, छान आहे, खा. तिने केशरी खाल्लं. फिकट तसंच राहिलं.

आणि ते फिकट होतं परसातल्या कोंबडीचं. दिवसभर उन्हात फिरणारी, माती उकरणारी, संध्याकाळी आपल्या पायांनी खुराड्यात जाणारी कोंबडी. केशरी होतं पिंजऱ्यातल्या कोंबडीचं, जिला मातीचा स्पर्श आयुष्यात झाला नसेल. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जे चित्र पक्कं बसलेलं असतं त्याच्या अगदी उलटं, आणि हे मला दिवसभर कुठेतरी टोचत राहिलं. त्या पोरीचं काही चुकलं नव्हतं. रंग बघून खाणं ही माणसाची फार जुनी सवय आहे, फळ पिकलंय की नाही, पान कोवळं आहे की जून हे सगळं आपण डोळ्यांनीच तर ठरवतो. पण इथे तिच्या डोळ्यांना जे कळलं ते नक्की काय होतं, हे मला शोधावंसं वाटलं.

दुपारी त्या बाईंना फोन केला. पिवळं फिकट आलंय असं सांगितल्यावर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "हिरवं कुठंय आता? आवारातलं सगळं गवत करपलंय. गहू टाकते, कण्या टाकते, ज्वारी टाकते, त्यावरच चाललंय त्यांचं. चार थेंब पाऊस पडू दे, मग बघा रंग." बाईंनी दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. बलकाचा पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करूच शकत नाही. तो कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा असतो, त्यातही मुख्यतः ल्युटिन आणि झिॲझँथिन या दोघांचा, आणि ही द्रव्यं बनवायची कला वनस्पतींकडे आहे, कोंबडीकडे नाही. तिने हिरवा पाला खाल्ला, पिवळा मका खाल्ला, लसूणघास खाल्ला की ती आतड्यातून रक्तात, रक्तातून बलकात जातात. गहू, तांदळाच्या कण्या, ज्वारी, पांढरा मका यात ती फारच कमी असतात, मग बलक तरी कुठून पिवळा येणार. हिरव्या पानातही हा पिवळा असतोच, फक्त हरितद्रव्याच्या खाली दडलेला, आपल्याला दिसत नाही इतकंच. कोंबडी गवत खाते आणि त्यातला पिवळा तेवढा निवडून पुढे पाठवते, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

बरं, कुठलाही पिवळा-केशरी पदार्थ खाल्ला की बलक रंगतो असंही नाही. गाजर घाला म्हणजे बलक केशरी होईल असं बरेच लोक सांगतात, पण गाजरात असतं ते मुख्यतः बीटा कॅरोटीन आणि त्यातलं बहुतेक कोंबडीचं शरीर अ जीवनसत्त्वात बदलून टाकतं, बलकात रंग म्हणून फारसं काही उरत नाही. झेंडूच्या पाकळ्या मात्र भलत्याच गुणाच्या, ल्युटिनने नुसत्या भरलेल्या. लाल मिरचीतलं लाल द्रव्यही थेट बलकात उतरतं, तिखटपणा नाही उतरत, रंग उतरतो (आणि कोंबडीला तिखट लागतच नाही, पक्ष्यांच्या तोंडात ती आग जाणवायची सोयच वेगळी आहे). सरकी पेंड जास्त झाली की अंडी थोडी साठवल्यावर बलक शेवाळी-तपकिरी पडतो आणि पांढऱ्यावर गुलाबी झाक येते, हेही खाद्याचंच काम. उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्याभोवती जे हिरवट-करडं कडं येतं त्याचा मात्र खाद्याशी संबंध नाही, जास्त वेळ उकडल्यामुळे पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येऊन ते होतं. आणि कवचाचा रंग म्हणाल तर तो जातीवर असतो, तपकिरी अंडं म्हणजे चांगलं खाल्लेल्या कोंबडीचं असं काही नसतं.

मला सगळ्यात भावलं ते बलक वाढतो कसा ते. अंडं घालायच्या आधी शेवटच्या आठ-दहा दिवसांत बलक झपाट्याने मोठा होतो, रोज एकेक थर चढत जातो, एकाच वेळी कोंबडीच्या पोटात वाटाण्याएवढा, बोराएवढा, लिंबाएवढा असे लहानमोठे बलक रांगेत तयार होत असतात. सगळ्यात मोठा सुटला की जेमतेम एका दिवसात त्याच्यावर पांढरं चढतं, पापुद्रे चढतात आणि शेवटी कवच, त्या कवचालाच वीसेक तास लागतात. बलकाचे हे थर एरवी डोळ्यांना दिसत नाहीत, पण पूर्वी संशोधकांनी कोंबडीला चरबीत विरघळणारा लाल रंग एखाद्याच दिवशी खायला घालून पाहिलं, मग ती अंडी उकडून कापली, तर पिवळ्याच्या आत एक बारीक लाल वलय. त्या एका दिवसाचं खाणं तिथे गोल उमटलेलं. म्हणून तर खाद्य बदललं की दुसऱ्या दिवशी रंग बदलत नाही, दोन-तीन दिवसांनी फरक दिसायला लागतो आणि नवा रंग पूर्ण बसायला दहा-बारा दिवस जातात. आपण जे अंडं फोडतो ती कोंबडीच्या मागच्या पंधरवड्याची रोजनिशीच असते म्हणा ना, फक्त तिच्यात खाण्याशिवाय दुसरं काही लिहिलेलं नसतं.

यावरून शेजारच्या काकू आठवल्या. लहानपणी आमच्या शेजारी एक काकू राहायच्या, त्यांच्याकडे चार-पाच कोंबड्या, आणि मी शाळेतून आले की दप्तर टाकून त्यांच्याकडे. काकू एखादी कोंबडी अशी काही उचलायच्या की ती ओरडायची सुद्धा नाही, एक हात पोटाखाली, दुसऱ्याने पंख दाबलेले. मग तिची चोच बघायच्या, डोळ्याभोवतीची कड बघायच्या, पाय बघायच्या आणि सांगायच्या ही चांगली घालतीय, ही नुसतीच खातीय. मला त्या वेळी ती जादूच वाटायची. तलंगा असताना, म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेल्या वयात, त्या कोंबड्यांचे पाय हळदीसारखे पिवळेधमक असायचे, हे मला स्पष्ट आठवतंय, पायावरचे ते खवले, त्यांच्या कडा, नखांपर्यंत गेलेला पिवळा. आणि काही महिन्यांनी त्याच कोंबडीचे पाय पांढुरके झालेले असायचे, जणू कुणी धुऊन काढलेत. मी विचारलं होतं, काकू हिचा रंग कुठे गेला? काकू म्हणाल्या, "अंड्यात गेला बाळा."

मला ते बोलण्यापुरतं बोलणं वाटलं होतं. पण ते शब्दशः खरं आहे.

पिवळ्या कातडीच्या जातीची कोंबडी अंडी द्यायला लागली की खाण्यातून आलेली रंगद्रव्यं कातडीकडे जायच्या ऐवजी बलकाकडे वळतात आणि अंगावरचा पिवळा झिजतो पण भरून निघत नाही. तोही ठरलेल्या क्रमाने. आधी अंडं जिथून बाहेर येतं तिथली कातडी फिकी पडते, मग डोळ्याची कड, मग कानाची पाळी, मग चोच, ती मुळापासून टोकाकडे, आणि सगळ्यात शेवटी पाय. पाय पूर्ण उतरायला चार-सहा महिने लागतात. म्हणजे पांढुरक्या पायांची कोंबडी ही कित्येक महिने नेमाने अंडी देत आलेली कोंबडी. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परत येतो, आधी मागची कातडी, शेवटी पाय. पूर्वी कोंबड्या पाळणारी माणसं ही खूण बघूनच कुठली ठेवायची ते ठरवायची, काकूंना हे कुणी शिकवलं होतं मला माहीत नाही पण त्यांची नजर पक्की होती. ही पिवळी कातडीसुद्धा कोंबडीकडे एका वेगळ्याच वाटेने आलीय. आपली पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आलेली, पण पिवळ्या कातडीचा जीन राखाडी रानकोंबड्याकडून आलाय हे 2008 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. एरवी कातडीत ही रंगद्रव्यं मोडून टाकणारं एक एन्झाइम काम करतं, या कोंबड्यांच्या कातडीत ते मंद असतं म्हणून रंग टिकतो.

हे वाचलं तेव्हा मला काकूंच्या त्या कोंबडीचे पाय परत दिसले. आपण ताटात जो रंग बघतो आणि चांगला आहे-नाही ठरवतो, तो तिने अंगाला लागू न देता दिलेला असतो. मला हे फार मोठं वाटतं, यात उगाच भावुक होण्यासारखं काही नाही असं कुणी म्हणेल, म्हणू दे.

माझ्या एका मैत्रिणीच्या भावाची लेअर पोल्ट्री आहे, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळायची. भाचीच्या त्या प्रश्नानंतर मी त्याच्याकडे मुद्दाम गेले. शेडमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा तो वास, अमोनियाचा, डोळ्यांत झोंबणारा, आणि मग आवाज, हजारो कोंबड्यांची एकसारखी कुरकुर, त्यात मधेच एखादीचं मोठ्याने ओरडणं. त्याने ऑफिसात येऊन एक अंडं पांढऱ्या बशीत फोडलं आणि ड्रॉवरमधून प्लॅस्टिकच्या लांबट पट्ट्यांचा एक पंखा काढला, एका टोकाला खिळा मारून जोडलेल्या पट्ट्या, प्रत्येकीच्या टोकाला वेगळा पिवळा, 1 नंबर म्हणजे जवळजवळ मलईसारखा आणि 15 नंबर म्हणजे पिकलेल्या संत्र्याच्या पुढे गेलेला. रोश कंपनीने काढलेला हा पंखा बलकाचा रंग मोजायला जगभर वापरतात, पुढे त्याला 16 वी पट्टीही आली. त्याने दोन पट्ट्या बलकाच्या दोन बाजूंना धरल्या, मान तिरकी केली, म्हणाला, "अकरा. कुणाला बारा लागतो, कुणाला नऊ चालतो. तुला कुठला पाहिजे सांग, दोन आठवड्यांत देतो."

तो हे अगदी सरळ बोलला. लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटत नव्हतं आणि मलाही त्या क्षणी वाटलं नाही. त्याने समजावलं कसं करतात ते. मका असतोच, त्याने आठ-नऊपर्यंत रंग येतो, पण मका फार दिवस साठवलेला असला की त्यातला रंग उडतो. म्हणून खाद्यात झेंडूचा अर्क घालायचा, त्याने पिवळा पाया भक्कम होतो, आणि वर मिरचीचा अर्क थोडासा, त्याने केशरी चढतो. नुसता झेंडू वाढवत गेलं तर बलक पिवळाच होत राहतो, केशरी होत नाही, त्याला लाल लागतोच. काहीजण अर्काऐवजी कारखान्यात बनवलेली रंगद्रव्यं घालतात, त्यात लालसाठी कँथाझँथिन. याच कँथाझँथिनच्या गोळ्या माणसं कातडी सावळी दिसावी म्हणून खायची आणि त्यातल्या काहींच्या डोळ्यांच्या पडद्यावर त्याचे बारीक स्फटिक साचलेले दिसले, मग युरोपियन युनियनने 2003 मध्ये लेअरच्या खाद्यातली मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅमवरून 8 मिलिग्रॅमवर आणली. हे सगळं नियमातलं झालं. नियमाबाहेरचंही घडलंय, 2006 मध्ये चीनमध्ये लालभडक बलकाची बदकाची अंडी खूप चालायला लागली, बदकं मोकळी फिरून चांगलं खातात म्हणून असा रंग येतो अशी समजूत, आणि तपासल्यावर निघाला सुदान, कारखान्यात वापरायचा रंग, खाण्यात ज्याला बंदीच आहे. बदकांना तो खाद्यातून घातला होता.

शेडमधून निघताना माझं मन काही एका बाजूला जात नव्हतं. झेंडूतलं ल्युटिन आणि गवतातलं ल्युटिन यात रेणू म्हणून काडीचा फरक नाही. पोल्ट्रीवाला फसवतोय असं मी म्हणूच शकत नाही, तो कोंबडीला फूलच खायला घालतोय. पण केशरी बलक बघून भाचीच्या आणि आपल्या सगळ्यांच्या मनात जे उमटतं, ऊन, गवत, किडे, मोकळं आवार, त्यातलं काहीही त्या कोंबडीच्या वाट्याला आलेलं नसतं, आणि हे मला सहन होत नाही. रंग खरा आहे, त्यावरून आपण जे धरून चालतो ते खरं नाही.

मग रंगाला काहीच अर्थ नाही का? असंही नाही, आणि इथे मला घाईने निकाल लावायचा नाहीये. फिकट आणि गडद बलकात प्रथिनं, चरबी सारखीच असतात, त्या अर्थाने भाचीने सारलेलं अंडं दुसऱ्याच्या तोडीस तोड होतं. पण ल्युटिन आणि झिॲझँथिन आपल्याही डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जमा होतात, आपल्यालाही ते बनवता येत नाहीत, खाण्यातूनच घ्यावे लागतात, आणि बलकातल्या चरबीमुळे ते अंगाला चांगले लागतात. म्हणजे ल्युटिनने आलेला पिवळा कामाचाच आहे. फक्त पंखा ल्युटिन मोजत नाही. मिरचीच्या किंवा कँथाझँथिनच्या लालाने दहाचा तेरा होतो तेव्हा डोळ्याला लागणारं त्यात काही वाढलेलं नसतं. आणि कोंबडीच्या बाजूने बघितलं तर रंग तिच्या तब्येतीची खूणही असतो. खाद्य तेच, कळप तोच आणि बलक एकाएकी फिके पडायला लागले तर जाणता माणूस आधी कोंबड्या तपासतो, पोटात जंत झालेत का, कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग झालाय का, दाण्याला बुरशी आहे का, कारण आतडं बिघडलं की रंगद्रव्य अंगात शिरतच नाही. भाचीने आजारी म्हटलं ते त्या अंड्याबाबत लागू नव्हतं, पण एखाद्या शेडमध्ये तोच प्रश्न विचारला तर तो अगदी शहाणा प्रश्न ठरला असता.

या सगळ्यात मला एक जुना प्रयोग फार आवडला. 1919 मध्ये अमेरिकेत मिसुरीला पामर आणि केम्पस्टर या दोघांनी पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून जवळजवळ बिनरंगी खाद्यावर वाढवली, कॅरोटिनॉइड नसलेलं, आणि बाकी पोषण कमी पडू नये म्हणून डुकराचं लिव्हर घातलं. त्या कोंबड्या मोठ्या झाल्या, अंडी घातली, त्यांच्या बलकात पिवळा रंगच नव्हता. डोळ्यांसमोर आणून बघा असं अंडं फोडलेलं, पांढऱ्यात पांढरट गोळा. आणि त्या अंड्यांतून पिल्लं निघाली, धडधाकट. म्हणजे जीव रंगाशिवायही धरतो. त्या काळात शास्त्रज्ञांचा मोठा घोळ चालला होता की पिवळ्या भाज्यांत आणि लोण्यात जे जीवनसत्त्व आहे ते म्हणजे हा पिवळा रंगच का, आणि लिव्हरमधून जीवनसत्त्व मिळवून वाढलेले हे बिनरंगी जीव म्हणत होते की नाही, रंग वेगळा, जीवनसत्त्व वेगळं. पुढे 1930 मध्ये थॉमस मूरने उंदरांवर दाखवलं की पिवळं कॅरोटीन शरीरात गेल्यावर त्याचं अ जीवनसत्त्व होतं आणि त्या जीवनसत्त्वाला तो रंग नसतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर निघाल्या.

तरी निसर्गात पक्षीण बलकात हे रंग भरतेच. वाढणाऱ्या गर्भाच्या नाजूक पेशींना ते सांभाळतात असं मानलं जातं, आणि पिल्लू बाहेर यायच्या जरा आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं, पहिले दोन-तीन दिवस त्याच्यावर काढतं. मुळात बलक पिल्लाचा डबा आहे, आपण मधे हात घालतो. म्हणून तो रंग आपल्या पसंतीसाठी किती नंबरचा असावा यापेक्षा ती खाते काय, तिला उभं राहायला जागा किती, पंख पसरता येतात का, माती मिळते का, हे विचारणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि यातलं खाण्याचं तेवढं अंड्यात दिसतं, बाकी काहीही दिसत नाही. पिवळं फुगीर आणि पांढरं घट्ट असेल तर अंडं ताजं आहे एवढं कळतं. ती उन्हात होती की पिंजऱ्यात, हे अंडं फोडून कुणालाही सांगता येणार नाही. ते पाळणाऱ्यालाच विचारावं लागतं आणि त्याने खरं सांगावं लागतं.

मी मैत्रिणीच्या भावाला हेच म्हटलं, की खोक्यावर रंगाचं चित्र छापण्यापेक्षा ती काय खाते आणि कशी राहते ते चार ओळीत लिही. झेंडू घालतोस तर झेंडू लिही, त्यात लाजण्यासारखं काय आहे. पिंजरा आहे तर पिंजरा लिही. तो म्हणाला, "पिंजरा लिहिला तर कोण घेईल? आणि लोक फोडल्यावर रंग बघतात, वाचत कोण बसतंय." मी म्हटलं मी वाचेन. त्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, मग मागच्या बाजूला एक रिकामी जागा पडून आहे, तिथे शंभरेक कोंबड्या मोकळ्या सोडून बघायचंय मला बरेच दिवस, पण उन्हाळ्यात त्यांचं पिवळं फिकट पडेल ते लोकांना समजावणार कोण? मी त्याला म्हटलं ते लिहायचं काम माझ्याकडे दे.